तीनशे अकरा रुपयांचा सिंह

बेळगाव,
ता. १२ डिसेंबर १९३४

प्रिय मष्णू,

तुझं पाकीट काल शाळेत मिळालं आणि मधल्या सुट्टीत मी डबा उघडायचाच विसरलो. देवाच्या जुन्या दानपेटीच्या फटीत नाणं सापडावं, ते बघून तुला मास्तर आठवावा, आणि लेकीकडून, राजाकडून, कागदावर पेन्सिल घासून तू त्याचा ठसा उतरवून घ्यावास, ही अक्कल आमच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांना सुचली नसती. ठशाखाली राजाने लिहिलंय, 'सिंह आहे की मांजर ते कळत नाही.' तिला सांग, सिंहच आहे. आठशे वर्षांपूर्वी तुमच्या रानावर कदंब राजांचा अंमल होता, त्यांचा हा होन. सोन्याचा! मी आजवर त्याचं नुसतं चित्र पाहिलंय. माझ्या पेटीत तांब्याची सव्वाशे नाणी आहेत, रुप्याची अकरा, आणि सोन्यासाठी ठेवलेला एक रिकामा खण, त्यात कापसाचा बोळा. सहा वर्षं तो बोळा माझ्याकडे बघतोय. मुंबईचे शौकीन लोक असा होन पाचशे रुपयांनाही सोडत नाहीत.

तू लिहितोस, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवाच्या इतर वस्तूंबरोबर हेही सवालाला लागणार. तुमच्या शाळेवर मी दोन वर्षं काढली, तुझ्याच सोप्यात राहिलो, पण दोन्ही जत्रांना रजेवर होतो. देवळातल्या या लिलावाची रीत काय, ते सविस्तर कळव. आणि हो, इथल्या एका साप्ताहिकात मी या नाण्यावर दीड कॉलम टिपण दिलंय. वाडीचं नाव घातलंय, जत्रेची तारीख घातलीय, तुझंही नाव घातलंय. तू छापून आलास मष्णू! तापात मला पाठुंगळी मारून खानापूरपर्यंत नेलंस, त्याची एवढीतरी फेड.

आता राजासाठी दोन ओळी. पोरी, तू आप्पाची भाषा सुधारत बसतेस, ते मला पत्रात दिसतं. 'हाय'चं 'आहे' करू नकोस. तुला अ आ शिकवला तेव्हाच सांगितलं होतं ना, श्रुतलेखनात सांगणारा सांगेल तेच उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही. अक्षर मात्र झकास झालंय. जूनमध्ये तू इथल्या मुलींच्या बोर्डिंगात येणार, सातवी करून मास्तरीण होणार, हे वसुधाकाकूने सगळ्या आळीला सांगून ठेवलंय.

तुझा,
उपेंद्र


जांबोटीजवळची वाडी,
ता. २८ डिसेंबर १९३४

(आप्पा सांगतात तसंच लिहिते आहे. पदरचं काही नाही. — राजा)

मास्तरास्नी मष्णूचा नमस्कार.

तुमी आमाला छापलं ते शामू गाडीवानानं खानापुरातनं आनलं. सगळ्या वाडीनं बगितलं. वाचाय पोरांबिगर कुनाला येत न्हाय, पर बगितलं. राजाची आय मालू म्हनली, आता ह्येस्नी म्हशीखाली कोन बसवायचं.

सवालाची रीत सांगतो. नारळ, घंटा, लुगडी, जे देवाला आल्यालं आसंल ते गुरव उचलून दावतो. मानसं बोली चढवत्यात. सवतासाठी बोलनाऱ्याला कवाबी थांबता येतंय, देवाफुडं 'चुकलो' म्हनायचं आनि बसायचं. पर दुसऱ्याच्या नावानं बोलायचं आसंल तर गुरव हातात भंडारा देतो. तो एकदा मुठीत घेटला की 'पुरे' म्हनायचं न्हाय. समोरचा गप बसंस्तवर चढायचं. दुसऱ्याच्या नावावर हात आखडला तर देवाचा बी आनि त्या मानसाचा बी आपमान. आमच्या आज्याच्या वक्तापासनं हेच हाय. म्हनून म्हनतो, मास्तर, तुमी सवता या. तुमी आला तर तुमाला कवाबी थांबता येतंय.

दुसरं. म्हातारी बाळाबाई म्हनतीया, ते नानं न्हायच. तिच्या सासूच्या गळ्यातल्या माळंतलं हाय, नवस फेडताना पेटीत टाकल्यालं. माळंत ववायचा कान मोडल्याची खून बी दावतीया. खरं खोटं तुमाला ठावं.

राजाच्या बोर्डिंगाचं दोनशे चाळीस रुपय डब्यात जमल्यात. तीन वरसाचं. हिरडा इकून आनि दोन वरसाचं भात इकून. तुमी म्हनला व्हता आमी भरतो, पर पोरगी आपल्या बापाच्या पैशानं शिकली म्हनजे तिला कुनाफुडं वाकाय लागायचं न्हाय.

मष्णू

मास्तर, डबा मीच मोजते दर रविवारी. आप्पा हसतात. — राजा


बेळगाव,
ता. ९ जानेवारी १९३५

प्रिय मष्णू,

पंच्याहत्तर रुपयांची मनिऑर्डर आजच केली. हे पोस्टातले पैसे मी वसुधेला न सांगता काढले आहेत, तेव्हा उत्तरात रकमेचा उल्लेख करू नकोस. ती तुझी पत्रं माझ्याआधी वाचते.

बाळाबाईचं मनावर घेऊ नकोस. कानाची खूण असणारच, जुनी नाणी बायका माळेत ओवतातच, त्याने नाणं खोटं ठरत नाही. म्हातारीला कदंब कुठले ठाऊक! मी तीन पुस्तकं उघडून बघितली आहेत, ठसा तंतोतंत जुळतो. माझ्या टिपणाचं चांगलं नाव झालंय. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी आहेत, मारुतीराव, त्यांनाही असाच नाद आहे. त्यांनी खास पत्र लिहून माझं अभिनंदन केलं आणि वाडीला जायचा रस्ता विचारला. विद्येची कदर असणारा माणूस दिसतो.

मला यायला जमेल असं वाटत नाही. शाळेत तपासणी आहे, आणि त्या रस्त्याने बैलगाडीत बसलो की माझी कंबर आठ दिवस बोलते. शिवाय मी स्वतः समोर दिसलो तर लोक म्हणतील मास्तर आलाय म्हणजे वस्तू भारी, आणि उगाच चढवतील. तू बोल. भंडारा घ्यायचा तर घे, त्यात एवढं काय! घंटा आणि नारळ घेणारी तुमची माणसं, पंच्याहत्तरच्या वर कोण जातंय? आणि गेलंच, तर मग बघू. पण मष्णू, काही झालं तरी सोडू नकोस. हे एवढं एक माझ्यासाठी कर.

तुझा,
उपेंद्र


जांबोटीजवळची वाडी,
ता. २० फेब्रुवारी १९३५

मास्तरास्नी नमस्कार.

नानं आपल्याला मिळालं. शामू गाडीवानाबरोबर तांदळाची पिशवी धाडलीय, त्यात मधोमध फडक्यात शिवून घातलंय. तांदूळ काकूस्नी द्या, फडकं तुमी घ्या.

हे पत्र शामूच तुमच्या हातात दील, म्हनून आकडा लिवतो. एकाहत्तर रुपय झाले. उरल्यालं चार शामूकडं दिल्यात.

निपाणीचं मारुतीराव मोटारीतनं आलतं. जांबोटीपस्तोर मोटार, फुडं चालत. जरा ताणलं त्येनी. पर तुमी म्हनला तसं सोडलं न्हाय. आता मुंबैवाल्यास्नी दावा आनि काय म्हनत्यात ते कळवा. लवकर कळवा.

मष्णू


बेळगाव,
ता. ५ मार्च १९३५

मष्णू,

लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

पिशवी फोडून फडकं उसवलं. भिंगाखाली धरलं आणि पाच मिनिटांत मनात पाल चुकचुकली. सिंह होता, पण सिंहाच्या भोवती जी अक्षरं हवीत, त्यांच्या जागी नुसत्या वेलबुट्ट्या. ठशात त्या मला अक्षरांसारख्या दिसल्या होत्या. तरी आशा सुटेना म्हणून सराफाकडे गेलो. त्याने कसोटीवर एक रेघ ओढली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मास्तर, मुलामा आहे. आत पितळ." दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यातला एक माझा विद्यार्थी.

एकाहत्तर रुपये, मष्णू! माझ्या सव्वा महिन्याचा पगार. वसुधेला कळलंच. आता तुला विचारतो. वस्तू हातात घेतल्यावर तुला वजन कळलं नाही? जन्मभर धान्य हातात जोखणारा माणूस तू. बाळाबाई सांगत होती, तू निदान तिथे दाताखाली धरून बघायचंस. पण नाही. सवालात एकदा ढोल वाजला की तुमची माणसं भान सोडतात, समोरच्याची जिरवायची एवढंच डोक्यात. त्या मारुतीरावाची जिरली असेल, खर्च माझा झाला. साप्ताहिकाच्या संपादकाला काय तोंड दाखवू हा वेगळाच प्रश्न.

असो. जे झालं ते झालं. तुझ्यावर रागावलो नाही, पण वाईट वाटलं.

उपेंद्र


जांबोटीजवळची वाडी,
ता. ३० मार्च १९३५

मास्तरास्नी मष्णूचा नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचून घेटलं. चूक माझीच. हातात घेटल्यावर हलकं लागलं व्हतं, पर तवर बोली झालती. तुमी म्हनता ते बरोबर हाय, माझं भान न्हवतं.

दहा रुपय धाडलेत. बाकीचं सुगीला धाडतो. तांदूळ बी धाडतो. काकूस्नी सांगा, मास्तरांचा दोस न्हाय.

आनि एक. राजा जूनला येत न्हाय. घरात काम हाय. तिचं मन न्हाय. काकूस्नी राग नगं म्हनावं.

मष्णू


बेळगाव,
ता. १५ एप्रिल १९३५

मष्णू,

दहा रुपये मिळाले. बाकीचे पाठवायची गरज नाही, मी काही सावकार नाही. हा विषय इथे संपला.

पण दुसऱ्या गोष्टीचा मला खरा संताप आला आहे. 'तिचं मन नाही' हे मला सांगतोस? दर रविवारी डबा मोजणारी पोर ती! वसुधेने तिच्यासाठी दोन परकर शिवून ठेवले, बोर्डिंगच्या बाईंना भेटून खिडकीजवळची जागा मागून ठेवली. आणि तू लिहितोस, घरात काम आहे. सरळ सांग ना, की आता लग्नाचं बघतोस, आणि डब्यातले दोनशे चाळीस हुंड्यापांड्याला आणि मांडवाला जाणार. तुम्हा लोकांचं हे असंच. मुलगी हुशार निघाली की आधी कौतुक आणि मग चूल. तुझ्याबद्दल माझी समजूत वेगळी होती. तुझ्या शब्दाला वजन आहे असं मी इथे चारचौघांत सांगत आलो.

राजाने या दोन पत्रांत खाली एकही ओळ लिहिली नाही, तेव्हा तिलाही काही सांगायचं नसावं. बरं आहे.

उपेंद्र


बेळगाव,
ता. १० एप्रिल १९३८

प्रिय मष्णू,

तीन वर्षांनी तुला लिहितो आहे. माझ्या त्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, आणि मीही आढ्यता धरून बसलो. राजाचं लग्न झाल्याचं शामूकडून कळलं होतं, तेव्हाही लिहिलं नाही. आज लिहितो ते मान खाली घालून.

परवा आमच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं. निपाणीचे मारुतीराव आले होते. माझी पेटी बघता बघता रिकाम्या खणावर बोट ठेवून हसले आणि म्हणाले, "इथं तो सिंह बसायचा न्हवं? मास्तर, तुमचा तो जांबोटीचा माणूस लई चिवट बघा. मी तुमचं टिपण खिशात घेऊनच गेलतो. पाचशेचा माल तीनशात मिळतोय म्हणून चढवत गेलो. तीनशे दहा म्हणालो. त्यानं एकच रुपया वर चढवला आणि डोळे मिटून घेतले. त्याचं तोंड बघून मीच गप बसलो. नंतर कळलं पितळ हाय. वाचलो म्हणायचं!"

तीनशे अकरा. तू मला एकाहत्तर लिहिलंस आणि वर चार रुपये परत पाठवलेस. वजाबाकी मला येते मष्णू. दोनशे चाळीस उरतात, आणि दोनशे चाळीस हा आकडा मी तुझ्या पत्रात एकदाच वाचलेला आहे.

तू मला लिहून कळव की तसं नाही. ते पैसे दुसरीकडून आले होते म्हण, म्हैस विकली म्हण, काहीही म्हण. आणि तसंच असेल, तर मी रक्कम पाठवतो, व्याजासह पाठवतो, तू फक्त हो म्हण. मी तुला काय काय लिहिलं ते मला पाठ आहे. तुझ्या शब्दाला वजन नाही असं सुचवलं, तुम्हा लोकांचं असंच असतं असं लिहिलं. त्या ओळी मला आता दिवसभर ऐकू येतात.

तुझा,
उपेंद्र


निपाणी,
ता. २ मे १९३८

ती. मास्तर यांना राजाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र आप्पांनी बारा दिवस कनवटीला ठेवलं होतं. वाचणारं घरात कुणी नाही आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नाही म्हणाले. मी उन्हाळ्याची माहेरी गेले तेव्हा वाचून दाखवलं. तीनशे अकरावर आले तेव्हा ते उठून गोठ्यात गेले. बऱ्याच वेळाने आले आणि म्हणाले, "फुडं वाच."

काय झालं ते मी सांगते. आप्पा सांगणार नाहीत.

मारुतीराव तुमचं टिपण हातात धरूनच देवळात उभे होते. पंच्याहत्तर होईपर्यंत लोक हसत होते. मग हसायचे थांबले. आप्पांनी उजव्या मुठीत भंडारा धरला होता, घामाने तो ओघळून कोपरापर्यंत पिवळा झाला होता. दीडशेच्या पुढे गेलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून हात केला आणि म्हणाले, "राजा, डबा आन गं." मला वाटलं, नाणं मिळालंय, ठेवायला डबा हवा असेल. मी पळत गेले, आईला सांगितलं आणि पळतच आणून दिला. आपल्या हाताने दिला, मास्तर. धापा टाकत.

तुम्ही विचाराल, मला खरा आकडा का लिहिला नाही. तुम्ही काकूंना न सांगता पंच्याहत्तर काढले होते. आप्पा म्हणाले, "पंच्याहत्तराला चोरी, तर बाकीचं कुठनं आनतील? मुंबैवाले पाचशे देनार हाईत. मास्तरास्नी ते मिळू देत, मग सांगू." आम्ही तुमच्या पत्राची वाट बघत होतो. जून अजून लांब होता. मग तुमचं पत्र आलं, पितळ म्हणून. मी ते मोठ्याने वाचलं. आप्पा म्हणाले, "सोन्याचं आसतं तर मागितलं आसतं. पितळंचं पैसं कुनाला मागायचं?" म्हणून उलट दहा रुपये पाठवले. ते आईच्या कोंबड्यांचे होते.

रकमेबद्दल आप्पांनी सांगितलेलं लिहिते, तसंच्या तसं. "मास्तर, ते रुपय देवाला दिलं. त्येची कौलं झाली. आता देवळात पानी गळत न्हाय. तुमच्याकडनं घेटलं तर मग मी देवाला दिलं काय? तुमी मनाला लावून घिऊ नगा. तुमी आजारी व्हता तवा पाठीवर लई हलकं लागत व्हता. आता कंबर कशी हाय ते कळवा." हे त्यांचं झालं.

माझं वेगळं आहे. मी तुमच्यावर रागावले होते. आप्पांवरही. आप्पांवरचा गेला. माझे मालक, म्हणजे यजमान भावकू, भला माणूस आहे, तंबाखूच्या वखारीत आहेत, मला पेपर आणून देतात. मी सतराची झाले. दर रविवारी वखारीतल्या बायका माझ्याकडे पत्रं लिहून घ्यायला येतात. कुणाचं बाळ गेलेलं असतं आणि ती सांगते, 'सगळं खुशाल हाय म्हनून लिव्ह.' मी तसंच लिहिते.

मास्तर, 'एकाहत्तर रुपये झाले' हे आप्पांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'तिचं मन न्हाय' हेही मीच लिहिलं. शाई झटकायला थांबले तेवढंच. तुम्हीच शिकवलं होतं, सांगणारा सांगेल तेच उतरवायचं, पदरचं काही घालायचं नाही.

पैसे नकोत. पण ते नाणं तुमच्याकडे पडलेलं असेल तर मला पाठवा. तुमच्या काही उपयोगाचं नाही. माझ्या शिक्षणाच्या पैशांनी घेतलेली तेवढी एकच वस्तू आहे.

आपली,
राजाबाई


बेळगाव,
ता. २४ मे १९३८

प्रिय राजाबाई,

तुझं पत्र वाचून मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो होतो. 'नाणं जपून ठेवलंय, लवकरच पाठवतो' असं लिहिलंसुद्धा. मग तो कागद फाडला. या सगळ्या पत्रांत खोटं लिहिण्याचा मान एकट्या तुझ्या आप्पाचाच राहू दे. त्याचं दुसऱ्यासाठी होतं.

खरं असं की, सराफाच्या दुकानातून मी घरी आलो आणि त्याच पावली परसात जाऊन नाणं विहिरीत फेकून दिलं. रागाने. एवढासा 'टुप' आवाज झाला. वसुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती म्हणाली, "अहो, कुणीतरी एवढ्या लांबून पाठवलेलं, ठेवायचं तरी." मी तिच्यावरही ओरडलो.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. तिने कपाटातून ते दोन परकर काढले. तीन वर्षं तिने ते कुणाला दिले नव्हते, मला माहीतही नव्हतं. बराच वेळ मांडीवर घेऊन बसली आणि पुन्हा ठेवून दिले.

मला वाटत आलं की पैसे वाया गेले ते माझे. मी एकाहत्तरांसाठी हळहळत होतो. आप्पाने मला स्पष्ट लिहिलं होतं, तुम्ही स्वतः या, तुम्हाला थांबता येईल. एक दिवस कंबर दुखली असती, एवढंच. मी गेलो असतो तर पंच्याहत्तरला 'चुकलो' म्हणून खाली बसलो असतो, आणि तू आज आमच्या शेजारच्या गल्लीत मुलांना अ आ शिकवत असतीस. 'सोडू नकोस' हे शब्द लिहायला मला काही पडलं नाही. त्यानं ते मुठीत धरले. आणि तुझ्या खालच्या ओळी बंद झाल्या, ते मला दिसलंही होतं. दिसून मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावला.

आठ दिवस झाले, विहीर उपसतो आहे. चार गडी लावलेत, शाळेला सुट्टी असल्यामुळे मीही खाली उतरतो. पाणी कमी झालंय, गाळ पुष्कळ आहे. घमेल्याने वर काढायचा, परसात पसरायचा आणि हाताने चाळायचा. आतापर्यंत एक तांब्या, दोन पोहरे, एक बांगडी आणि बरीच बटणं निघाली. काल शेजारच्या अक्काताई काठावर येऊन विचारत होत्या, "मास्तर, सोनं पडलंय व्हय आत?"

मी म्हटलं, "पितळ."

"मग येवडं कशाला उपसतायसा?"

मी त्यांना किंमत सांगितली. त्या कपाळाला हात लावून घरात गेल्या. आता सगळी आळी म्हणते, मास्तराचं डोकं फिरलंय.

आप्पाला सांग, कंबर बरी आहे. मृगाला अजून चौदा दिवस आहेत, त्यानंतर विहीर भरेल. तोवर मी रोज उतरणार आहे. नाणं सापडलं तर ते घेऊन मी स्वतः निपाणीला येतो. सापडलं नाही तरी येतो, आणि तुझ्या दारात उभा राहून तोंडाने सांगतो, की राजा, मला ते सापडलं नाही.

मास्तर म्हणून सही करायला हात धजत नाही.

उपेंद्र